बरणी, तवा आणि धनश्रीचं स्थळ

माझ्या मुलीचं जमलेलं लग्न मी स्वतः, माइकवर, साडेचारशे माणसांसमोर मोडलं, आणि त्याच झटक्यात समाजातली आणखी एकशे सात लग्नंही मोडली, असं हल्ली दिंडोलीपासून लिंबायतपर्यंत सांगितलं जातं. सांगणारे हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चूक नेमकी कोणाची होती हे एकदा कागदावर यावं म्हणून मी हे लिहितो आहे. लिहितानाही माझं डोकं तापलेलंच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी योगेंद्र. इच्छापोरच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं आकडेवारीचं खातं सांभाळतो. किती माल निघाला, किती परत आला, हे साहेबांना पडद्यावर रंगीत दांड्यांमध्ये दाखवायचं, हे माझं काम. साहेब दांड्या बघतात, मान हलवतात आणि ठरवायचं तेच ठरवतात. अशा माणसाला समाजाच्या मंडळाने बोलावून मान दिला की तो फसतोच. मीही फसलो.

इथे गुजरातेतल्या आमच्या खानदेशी मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा दर डिसेंबरात असतो. त्याची पुस्तिका मात्र मार्चमध्ये छापून होते, कारण छापखानेवाला अध्यक्षांचा साडू आहे आणि त्याला मार्चमध्ये काम नसतं. मधल्या नऊ महिन्यांत निम्म्यांची लग्नं जमतात. गेल्या वर्षी पुस्तिकेवरून एका मुलीचं नाव पुकारलं, उंची, शिक्षण, सगळं वाचून झालं, तेव्हा ती दुसऱ्या रांगेतून नवऱ्याचा हात धरून उठली. तिला आठवा महिना होता. तिच्या सासऱ्यांनी अध्यक्षांना जे ऐकवलं ते मंडळाच्या इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

म्हणून यंदा अध्यक्ष धुडकू अण्णा माझ्या घरी आले. अण्णांनी चाळीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली आहेत, त्यामुळे ते समोरच्याशीही लूम चालू असल्यासारखंच बोलतात. यंदा सगळं पडद्यावर आणि ताजं पाहिजे, तुम्ही कॉम्प्युटरवाले आहात, समाजाचं काही देणं लागता की नाही, असं त्यांनी विचारलं. पलीकडच्या ब्लॉकमधून कोणीतरी 'लागतो' म्हणून उत्तरही दिलं. मी हो म्हणालो.

आता इथे जरा कामाचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यावर उभा आहे. माहिती पडद्यावर आणायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे सगळा तक्ता उचलून आपल्या फायलीत आणून ठेवायचा. पटकन उघडतो, नेट लागत नाही, पण आणला त्या दिवसाचाच राहतो. दुसरा मार्ग म्हणजे तक्ता जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि दर वेळी तिथे विचारायला जायचं. उत्तर ताजं मिळतं, पण दर प्रश्नाला हेलपाटा. मंडळाचा सर्व्हर तर कोणीतरी दान दिलेला. तो उत्तर देण्याआधी विचार करतो. म्हणून मी दोन्ही एकत्र केलं. चारशे बारा मुलामुलींचं नाव, शिक्षण, जन्मवेळ, मामाचं गाव हे पुस्तिकेतून आणून फायलीत ठेवलं. एक उंची सोडली तर त्यात काही बदलत नाही. उंची मात्र आमच्याकडे दर पुस्तिकेला वाढते. आणि 'उपलब्ध', 'बोलणी चालू' की 'ठरलं' एवढं मंडळाच्या ॲपवरून थेट विचारायचं. घरच्यांनी फोनवर भरलं की पडद्यावर लगेच शिक्का.

हे मी कार्यकारिणीला पाऊण तास समजावलं. शेवटी अण्णा म्हणाले, म्हणजे एक बरणीतलं लोणचं आणि एक तव्यावरची भाकर. मला राग आला, कारण पाऊण तास मला हेच सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून सगळी कार्यकारिणी मला 'हे बरणीतलं का तव्यावरचं?' असं विचारू लागली. एकोणीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं लोणचं झालं.

ॲपवर मी 'शेरा' असा एक रकाना ठेवला होता आणि तो भरणं सक्तीचं केलं होतं. लाल चांदणी. रिकामा सोडला तर पुढे जाताच येत नाही. रिकामे रकाने मला बघवत नाहीत. याच रकान्यावरून घरात एकदा कारण नसताना वादळ झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी धनश्रीला, म्हणजे माझ्या मुलीला, एक चांगलं स्थळ आलं होतं. बोलणी अर्ध्यावर होती. मी प्रामाणिकपणे 'बोलणी चालू' असं भरलं, आणि शेऱ्यात लिहिलं, 'मुलाचे वडील किंचित हट्टी'. शेरा सगळ्यांना दिसतो, हे मुलाच्या वडिलांनाही माहीत होतं. स्थळ गेलं. धनश्री दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली, आणि तेच मला जास्त लागलं. ती आता अठ्ठावीसची आहे, शाळेत शिकवते, आणि एकदा मोडल्यावर लोक कारण विचारतात, तेही मुलीकडेच बोट दाखवून. दुसऱ्यांदा असं झालं तर काय, ही धास्ती माझ्या बायकोने, जयश्रीने, तेव्हापासून उशाशी घेतली होती. मी फक्त खरं लिहिलं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी घरच्या टीव्हीवर चाचणी घेतली. दोन तक्ते जोडायला दोन्हींत एक समान खूण लागते. मी मोबाईल नंबर घेतला. कोणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पण आमच्या समाजात मुलीच्या बायोडाटावर बापाचा नंबर नसतो, मामाचा असतो. बाप कामावर असतो, तापट असतो, पटकन काहीतरी बोलून बसतो. मामा गोड बोलतो. माझे मोठे मेहुणे निंबा मामा लिंबायतला रिक्षा चालवतात. त्यांचा फोन कायम चालू असतो, म्हणून सात भाच्यांच्या बायोडाटावर त्यांचाच नंबर आहे. त्यांनी थोरल्या बहिणीच्या प्रियाचं 'ठरलं' भरलं, आणि माझ्या टीव्हीवर साती भाच्यांवर 'ठरलं'चे शिक्के बसले. त्यांत धनश्रीही होती.

जयश्री स्वयंपाकघरातून पदर खोचत आली, टीव्हीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "धनश्रीचं? हे कोणी सांगितलं?" असं तिने विचारलं. तेव्हा मला वाटलं, तांत्रिक चूक आहे हे तिला कळलेलं नाही. मी तिला मामांच्या नंबरचा घोटाळा समजावून सांगितला. तिने देवाला हात जोडले. माझ्या समजावण्याचा कोणावर एवढा परिणाम झालेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि खूशही झालो. नंबर सोडून मी नोंदणी क्रमांकावर जोडणी केली. सहा भाच्या पुन्हा उपलब्ध झाल्या.

तोवर खालच्या मजल्यावरच्या पुष्पाबाई आल्या. त्यांचा आशिष चौतीस वर्षांचा आहे, आणि तो पडद्यावरून गायब होता, कारण त्यांनी ॲप कधी उघडलंच नव्हतं. ज्याची जोडी दुसऱ्या तक्त्यात सापडत नाही तो गळतो, हे मी त्यांना सांगितलं. "भाऊ, जोडी सापडत नाही म्हणूनच तर नाव घातलं," असं म्हणून त्या सोफ्यावर बसल्या आणि आशिषची नोंद होईपर्यंत उठल्या नाहीत. जाताना सल्ला देऊन गेल्या की ताजं-शिळं सगळं सोडा, चांगले फोटो तेवढे मोठे दाखवा. असा सल्ला मला नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा जणांनी दिला.

तव्यासाठी हॉलमध्ये नेट हवं. त्यासाठी सभागृहाच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळा "साहेब बहार छे" हे उत्तर. तिसऱ्या वेळी कारकुनाने प्रसंग विचारला. त्याच्या कॉम्प्युटरवर चारच प्रसंग होते: लग्न, गरबा, सरकारी कार्यक्रम आणि बेसणुं, म्हणजे गुजराती लोकांची शोकसभा. लग्नात नेटचं काय काम, म्हणून लग्नाला नेट देत नाहीत. बेसणुंला देतात, कारण परदेशातले नातेवाईक घरून बघतात. मोठा पडदाही बेसणुंलाच, वर गेलेल्याचा फोटो लावायला. मी भांडलो. परिचय मेळावा हा वेगळा प्रसंग आहे, असं दोन भाषांत सांगितलं. शेवटी वैतागून म्हणालो, लिहा बेसणुं. त्यावर त्याने मयताचं नाव विचारलं. रकाना सक्तीचा होता, लाल चांदणीचा. आता या बाबतीत मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी नाव देईना, तेव्हा त्याने अर्जदाराचंच नाव टाकलं.

त्यामुळे मेळाव्याच्या दिवशी हॉलच्या फाटकावरच्या विजेच्या पाटीवर गुजरातीत 'बेसणुं, स्व. योगेंद्रभाई, चार थी छ', म्हणजे चार ते सहा, असं फिरत होतं. आमच्या कारखान्यातले दोघं त्याच रस्त्याने जाताना पांढरी फुलं घेऊन आत आले. मी त्यांना स्वतः चहा दिला.

सकाळपासून मी सगळ्या कुटुंबांना ॲपवरून अकरा संदेश पाठवले होते. ज्यांचं ठरलं असेल त्यांनी आजच भरावं, लपवणं हा समाजद्रोह आहे, असा शेवटचा संदेश होता. कारण आमच्या लोकांची खोड मला माहीत आहे. सुपारी फुटेपर्यंत जमलेली गोष्ट कोणी बाहेर सांगत नाही. नजर लागते म्हणे. अरे, मग ताजी माहिती येणार कुठून? लोकांनी मनात दाबून ठेवायचं आणि तव्याला नावं ठेवायची. त्या संदेशांमुळे त्या दिवशी भराभर नोंदी झाल्या, आणि एकूण 'ठरलं' एकशे आठ झाले. मला समाज सुधारल्यासारखा वाटला.

सुरुवातीचा सव्वा तास छान गेला. मी व्यासपीठावर लॅपटॉप आणि माइक घेऊन उभा. नाव घ्यायचं, पडदा तव्याला विचारायचा, शिक्का यायचा. लोक टाळ्या वाजवत होते. अण्णा पहिल्या रांगेत असे बसले होते, जणू सॉफ्टवेअर त्यांनीच विणलं आहे. मग दोनशे चौदावा क्रमांक आला. धनश्री. फोटो, शिक्षण, उंची, आणि त्यावर लाल शिक्का: ठरलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुष्पाबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलात आग पेटली. आठ दिवस राबून दुरुस्त केलेली चूक, तीही सगळ्या समाजासमोर, तीही माझ्याच मुलीवर! मी माइक तोंडाजवळ घेतला. "ही तांत्रिक चूक आहे," मी म्हणालो. "मामांच्या नंबरचा जुना घोळ आहे. मुलगी माझी आहे. ठरलं असतं तर मला माहीत नसतं का?"

जयश्री बायकांच्या रांगेतून उठून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणते आहे. म्हणून मी वाढवला. लोक तव्यावर वाटेल ते भरतात, त्यापेक्षा बरणीतलं बरं, असं मी जाहीर केलं आणि तो थेट तक्ता फायलीतून काढूनच टाकला. सॉफ्टवेअरने विचारलं, हे परत फिरवता येणार नाही, नक्की का? मी 'हो' दाबलं. रागात मी नेहमी 'हो'च दाबतो.

पडद्यावर पुस्तिकेतली, मार्चची स्थिती आली. चारशे बाराच्या चारशे बारा उपलब्ध. एकशे आठ जमलेली लग्नं एका बोटाने मोडली. दोन मुलींचे होणारे नवरे शेजारीच बसले होते, ते उभे राहिले. पण मी तिकडे बघत नव्हतो. मी सांगत होतो की धनश्री उपलब्ध आहे आणि इच्छुकांनी व्यासपीठाकडे यावं. पुष्पाबाई आशिषचं मनगट धरून निघाल्यासुद्धा.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक उंच बाई उठल्या. पिशवी काखेला मारली, नवऱ्याला 'चला' म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या. त्यांच्या मागे एक सरळ नाकाचा मुलगा खाली मान घालून. आणि त्या तिघांच्या मागे, खुर्च्या ढकलत, खाकी शर्टातले निंबा मामा धावत होते. मग माझी मुलगी उठली. ती धावली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. एवढं बघितल्यावर मला कळायला हवं होतं. पण जयश्रीने हाताला धरून मला हॉलच्या स्वयंपाकघरात ओढत नेलं तेव्हा कुठे कळलं.

त्या बाई चलथाणच्या सुभद्राबाई. यजमान साखर कारखान्याच्या कचेरीत आहेत, मुलगा चेतन इंजिनिअर. महिनाभरापूर्वी निंबा मामांच्या घरी बघणं झालं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, मामांनी शब्द दिलेला. मेळावा आटोपला की संध्याकाळी आमच्या घरी येऊन मला सांगायचं आणि रीतसर मागणी घालायची, असं ठरलं होतं. म्हणजे माझी बायको, माझी मुलगी, माझे मेहुणे आणि चलथाणचं एक अख्खं कुटुंब, सगळ्यांना माहीत होतं. ज्या माणसाने चारशे बारा मुलामुलींच्या ताज्या बातम्या पडद्यावर आणल्या, त्याच्या घरची बातमी त्याला नव्हती.

मी निंबा मामांवर ओरडलो की तुम्ही ते भरलंच कशाला. मामा शांत माणूस, बोलतात अहिराणीत. "दाजी, सकायपासून अकरा मेसेज धाडात तुम्ही," ते म्हणाले. "भरा, लपाडू नका. मी भरं. मी खरंच भरं, अन् तुम्ही म्हनतस खोटं शे."

मामांवर ओरडून भागणार नव्हतं. म्हणून मी जयश्रीकडे वळलो. मला का नाही सांगितलं, एवढंच विचारलं.

"तुम्ही शेरा लिहिला असता," ती म्हणाली.

मला राग आला. खूप आला. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते रागापेक्षा जड होतं. मला फार वाईट वाटलं. महिनाभर घरात तिघं जेवायला बसत होतो. माझी मुलगी आनंदात होती आणि तो आनंद मला दिसू नये म्हणून ताटात बघून जेवत होती. मी तो महिनाभर मार्चचाच राहिलो होतो. बरणीतला.

सुभद्राबाई दारात थांबल्या होत्या, बहुधा चेतनमुळे. त्या रागावून बोलल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "बापाला मान्य नसेल तर आम्ही मुलगी नेत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मान्य असेल, तर जे माइकवर मोडलं ते माइकवरच जोडा."

मी व्यासपीठावर गेलो. माइक हातात घेतला, आणि तो बंद पडला. पडदाही काळा झाला. सहा वाजले होते. बेसणुं दोन तासांचंच असतं. तसाही पडद्याचा उपयोग नव्हता. त्यावर धनश्री उपलब्धच होती आणि ते परत फिरवता येणार नव्हतं. तेव्हा जे काही सांगायचं ते मलाच, माझ्या घशातून सांगायचं होतं.

"धनश्रीचं ठरलं आहे," मी ओरडून सांगितलं. "चलथाणच्या चेतनशी. पडदा बरोबर होता. मी चूक होतो. मला आत्ता कळलं." मग पहिल्या रांगेतून कोणीतरी, म्हणजे अण्णाच, विचारलं की हे बरणीतलं का तव्यावरचं. मी म्हटलं, तव्यावरचं, हात भाजला आहे. लोक हसले. मी हसलो नाही. पण सुभद्राबाईंनी काखेतली पिशवी खुर्चीवर ठेवली, ते मी पाहिलं.

बातमी फुटलीच होती, तर सुपारी तरी कशाला थांबायची, असं निंबा मामा म्हणाले. सुपारी त्यांच्या खिशात होती. अडकित्ता कोणाकडेच नव्हता. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, माझ्या लॅपटॉपच्या चार्जरच्या ठोकळ्याने, मी आणि चेतनच्या वडिलांनी मिळून सुपारी फोडली. तिसऱ्या ठोक्याला सुपारी फुटली. चार्जर दुसऱ्याच ठोक्याला फुटला होता. बाहेर पाटीवर मी अजून स्वर्गवासीच होतो, आणि कारखान्यातले ते दोघं पेढा खाऊन, जरा गोंधळूनच घरी गेले.

उरलेल्या एकशे सात लग्नांचं काही बिघडलं नाही. ती माणसं एकमेकांना ओळखत होती; त्यांना पडद्याची गरज नव्हती. तरी माझं नाव त्यांच्याशी जोडलं गेलं ते गेलंच. समाजात एवढं करून हेच पदरी पडतं, आणि याचा राग मला मरेपर्यंत राहणार आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला, की नोंद पक्की करा. मी ॲप उघडलं. दोनशे चौदा, धनश्री, ठरलं. खाली शेरा. लाल चांदणी. धनश्री शाळेत निघाली होती. चपला घालता घालता दारात थांबली आणि माझ्या खांद्यावरून फोनकडे बघत राहिली. मला चेतनच्या वडिलांबद्दल दोन-तीन गोष्टी सुचल्याही होत्या. पण मी आधी सेटिंगमध्ये गेलो, ती चांदणी काढली आणि रकाना रिकामा ठेवून नोंद केली. धनश्रीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि रिक्षा थांबली आहे म्हणून निघून गेली.